बाभळीचा एक ओंडका राखून ठेवा

कापूस वेचून झाला, तूर घरात आली, हरभरा निघाला, की समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचे लक्ष धुऱ्याकडे जाते. तिथली बाभूळ पिकावर सावली टाकते, ट्रॅक्टरच्या आड येते, काटे पायात मोडतात. मग ती तुटते. ट्रॉलीत भरून, काट्यावर तोलून, क्विंटलच्या भावाने वीटभट्टीला जाते. यात चूक काही नाही. वावर ज्याचे, धुरा त्याचा. माझे म्हणणे एवढेच आहे की ट्रॉली भरताना एक ओंडका बाजूला काढा. मांडीएवढा जाड, दीड हात लांब, न फुटलेला. तो जाळू नका आणि विकूही नका. घरामागे सावलीत ठेवून द्या. लेथवर त्याचे काय काय होते ते मी पुढे सांगतो.

बाभळीला आपण सरपणाच्या रांगेत बसवले ते फार अलीकडे. बंडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे. वखर, डवरा, तिफण. सगळीकडे बाभूळच होती. ती सागापेक्षा जड, घट्ट आणि मार खाणारी. चाकाचा तुंबा गोल कातलेला असे, आणि कातणे हे गावातल्या हातांना माहीत असलेले काम होते. एक जण दोरी ओढायचा, दुसरा पटाशी धरायचा. दोरीने लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे, त्यामुळे अर्धा वेळ धार नुसतीच थांबलेली. पुढे लोखंडी तिफण आली, टायरची बंडी आली, मग बंडीच गेली. आता लेथ म्हटले की जामच्या किंवा हिंगणघाटच्या वर्कशॉपात लोखंडाचा शाफ्ट घासणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. गावचा सुतार प्लायचे दरवाजे बसवतो. बाभूळ मात्र अजून धुऱ्यावर उभी आहे.

पहिली सूचना अशी की वाडग्यापासून सुरुवात करू नका. मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात, त्यांत लाकडाच्या भेगेत निळे रेझिन ओतून दहा मिनिटांत चकचकीत वाडगा तयार होतो. त्याआधीची दहा वर्षे आणि त्यामागचा पैसा त्यात दिसत नाही. आधी लाटणे करा. मग रवी, मग पाळण्याच्या दांड्या, मग नंदीची चाके. लाटण्यात लाकडाचे रेषे लांबीने धावतात, धार सहसा अडत नाही आणि बिघडलेच तर सराट्याची मूठ होते. दहा लाटणी एकसारखी उतरली की वाडग्याला हात घाला.

नंदीच्या चाकांचे मी मुद्दाम म्हटले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा ही आपल्या विदर्भाची खास गोष्ट. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे सांगतात. आपल्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला बाहेरगावची माणसे येतात. घरोघरी पोरे लाकडी नंदी ओढत बोजारा मागत फिरतात. इतक्या नंद्यांना चाके लागतात, पण बाजारातल्या बऱ्याच नंद्यांची चाके फळीतून करवतीने कशीबशी कापलेली, ओबडधोबड. पोराने दोरी ओढली की बैल लंगडतो. लेथवर कातलेले चाक ही आपल्याकडे हमखास विकली जाणारी वस्तू आहे आणि ते शिकाऊ हातालाही जमते. फक्त एक लक्षात ठेवा. चाके तुम्ही उन्हाळ्यात कराल आणि ती फिरणार भाद्रपदात. पावसाळ्यात लाकडी आस जाडीत फुगतो. चाकाचे भोक मात्र रेषांच्या दिशेने जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून मे महिन्यात घट्ट बसवलेले चाक ऐन पोळ्याला अडकते. भोकात एक-दीड मिलिमीटर सैलपणा ठेवा, नाहीतर सरळ लोखंडी गज घाला.

आता ओंडक्याकडे वळू. लाकूडकामात आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान करते ती हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा सावलीतल्या पातळ लाकडातही पाच-सहा टक्केच ओल उरते. ऑगस्टात तीच पंधरा टक्क्यांच्या आसपास जाते. ओला ओंडका उन्हात टाकला की दोन्ही टोकांकडून तो झपाट्याने वाळतो आणि मधल्या टिकलीपासून बाहेर चिरा पडतात. कारण साधे आहे. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या जवळपास निम्मेच ते मध्यापासून सालीकडे आकसते. लांबीने तर नगण्य. या ओढाताणीत कुठेतरी फाटणारच.

म्हणून तोडल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा जुना ऑइलपेंट जाड थापा. साल सोलून काढा, कारण किडा सालीखालूनच शिरतो. ओंडका मधल्या टिकलीतून उभा चिरून दोन अर्धे करा आणि टिकली दोन्हींतून काढून टाका. तिच्यासकट केलेला वाडगा आज ना उद्या फुटतो. बाभळीच्या बाहेरच्या फिकट लाकडाला भुंगा लागतो आणि खाली पिठासारखा भुगा पडू लागतो. आतला तांबूस गाभा बराच टिकाऊ. जुने सुतार बाभूळ पाण्यात मुरवायचे, ते याचसाठी. दोन-तीन महिने पाण्यात बुडालेल्या लाकडातला रस निघून जातो आणि किड्याला खायला उरत नाही. शेततळे असेल तर दगड बांधून ओंडका त्यात सोडा. मासे पाळत असाल तर मात्र सोडू नका, कारण बाभळीचा तुरट काळा रस पाण्यात उतरतो.

हा तुरट रस आणखी एका ठिकाणी आडवा येतो. बाभळीच्या सालीने चामडे कमावतात ते त्यातल्या टॅनिनमुळे, आणि टॅनिनला ओले लोखंड लागले की निळसर काळा डाग पडतो. पटाशी घासून आलात, हाताला लोखंडाची पूड आणि घाम, तसाच हात ओल्या वाडग्याला लावलात, तर पाचही बोटांचे ठसे उमटतात. ते घासून निघता निघत नाहीत. हात धुऊन, पुसून मगच लाकडाला हात लावा. लोखंडी जाळीने तर बाभूळ घासूच नका.

वाडगा दोनदा कातायचा असतो. घाई करणाऱ्यांचे घोडे इथेच पेंड खाते. पहिल्यांदा ओल्या लाकडातच ढोबळ आकार काढायचा आणि काठ जाड ठेवायचा. आठ इंची वाडगा असेल तर सुमारे एक इंच. मग तो त्याच्याच भुशात किंवा गोणपाटात गुंडाळून, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवायचा. तारीख लाकडावरच पेन्सिलीने लिहा. दर पंधरा दिवसांनी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. ते उतरायचे थांबले की लाकूड वाळले. बाभळीसारख्या घट्ट लाकडाला सहा महिनेही लागतात. तोवर वाडगा थोडा लांबट झालेला असतो. ते अपेक्षितच आहे, म्हणून तर काठ जाड ठेवला. दुसऱ्यांदा कातताना तो गोल होतो आणि त्यानंतर फारसा हलत नाही.

लेथ घ्यावा की बनवावा? मी म्हणेन, आधी गावातल्या वेल्डरकडून बनवून घ्या. अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर, दोन बेअरिंगचे ब्लॉक, जाड शाफ्ट, जड लोखंडी बैठक. बैठक जितकी जड तितके बरे. ती हलली की वाडगाही हलतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल आणि तिच्यावर दोन इंची पुली असेल, तर शाफ्टवर सहा इंची पुली लावल्यावर ४८० फेरे मिळतात, चार इंचीवर ७२०. हिशेब सोपा आहे. वाडग्याचा व्यास इंचात धरून फेऱ्यांनी गुणा. नवख्याने हा गुणाकार सहा हजारांच्या आत ठेवावा. आठ इंचाला ७२० फेरे म्हणजे ५७६०, ठीक. ओंडका अजून वेडावाकडा असेल तर ४८० वरच चालवा. बेल्टवर पत्र्याचे झाकण हवेच हवे.

लाकूड शाफ्टच्या टोकावरच्या तबकडीला स्क्रूने बसते. त्यासाठी प्लायचे ते काळे बारीक स्क्रू वापरू नका. ते ठिसूळ असतात आणि झटका बसला की मानेत तुटतात. जाड लाकडी स्क्रू, किमान चार. बटण दाबण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, पटाशीच्या टेक्याला कुठे लागते का. सुरू करताना स्वतः बाजूला उभे राहा, लाकडाच्या समोर नाही.

धार धरण्याची रीत लिहून शिकवता येत नाही, पण निम्मी सांगता येते. गोल पटाशीची मागची उतरती पाठ आधी लाकडाला टेकवा. ती नुसती घासते, कापत नाही. मग मागची मूठ हळूहळू वर उचला. एका क्षणी पातळ, लांब साल सुटू लागते आणि आवाज खरखरीचा सळसळीत होतो. तो कोन पकडून ठेवा आणि हात न हलवता कमरेतून वळा. वाडग्याच्या बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जा, आतून कातताना काठाकडून मध्याकडे. उलटे गेलात तर रेषे उपटले जातात. लाटण्यात मात्र जाडीकडून बारीकीकडे. सालीऐवजी भुगा उडायला लागला की धार गेली समजा. जोर लावू नका, दगडावर जा. साग कातत असाल तर आणखी लवकर जावे लागेल, कारण त्यात वाळूसारखा सिलिका असतो.

अंगावरच्या कपड्यांबद्दल कडकपणे सांगतो. गळ्यात दुपट्टा नको. ओढणी नको. लांब बाहीची बटणे लागलेली हवीत, मनगटातला गंडा-दोरा काढलेला, बायकांनी केस बांधलेले आणि मंगळसूत्र आत खोचलेले. हातमोजे तर मुळीच नकोत. लोकांना ते सुरक्षित वाटतात, पण फिरत्या लाकडाने मोज्याचा धागा पकडला की बोटही सोबत जाते. तेल लावतानाही फिरत्या वाडग्याला कापड लावू नका, कागद लावा, तो फाटून सुटतो. चष्मा पुरत नाही, तोंड झाकणारी पारदर्शक ढाल घ्या. आणि मास्क. लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग करते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलेले आहे. बिब्ब्याचे लाकूड कुणी फुकट दिले तरी घेऊ नका; त्याच्या रसाने अंगावर फोड उठतात हे आपल्याकडच्या जंगलात वाढलेल्या कुणालाही विचारा. कण्हेरीचेही नको, ती विषारी.

कातून झाले की पॉलिश पेपर. ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस. मधला नंबर गाळलात तर आधीचे ओरखडे तेलाखाली ठळक दिसतात. प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून रेषांच्या दिशेने हाताने चार हात फिरवा. शेवटच्या आधी ओल्या फडक्याने वाडगा पुसा. रेषे उभे राहतील. वाळले की घासून टाका. हे आता केले नाही तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात होईल.

फिनिशिंगसाठी मुंबईहून डबा मागवण्याआधी आपल्या गावच्या जवसाकडे बघा. जवस हे विदर्भाचे जुने पीक, आणि त्याचे तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होणाऱ्या मोजक्या तेलांपैकी. शेंगदाण्याचे तेल तसे होत नाही. ते चिकट राहते आणि कालांतराने खवट वास मारते. घाण्याचे कच्चे जवस तेल पातळ लावा, अर्ध्या तासाने सगळे पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे चार-पाच हात, आणि मग तीन-चार आठवडे वाळू द्या. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून जे मिळते त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात; खाण्याच्या भांड्याला ते लावू नका. वरून मधमाशीचे मेण तेलात वितळवून चोळले की हाताला मऊ लागते.

एक धोका मोठ्या अक्षरांत लिहिण्यासारखा आहे. जवस तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ते आतल्या आत तापून आपोआप पेटते. काडी लागत नाही. आपल्या मे महिन्यात, भुशाच्या ढिगाजवळ, पऱ्हाटीच्या गंजीशेजारी काय होईल ते सांगायला नको. फडके पसरून बाहेर तारेवर वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

शोभेच्या वस्तूंना चपडा लाख आणि स्पिरिटचे पॉलिश चालते. त्यावर गरम कप ठेवला की पांढरा डाग येतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. रंगीत लाखेचे काम बघायचे असेल तर एकदा सावंतवाडीला जा. तिथल्या चितारआळीत लाकडी फळे, खेळणी, पाट, पाळणे यांची दुकाने आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर बसतो. केवड्याच्या पानाने त्याला चकाकी आणतात. मोडकळीला आलेली तिथली गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) आणि लाखकाम तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभे केले. राजघराण्याची पुण्याई होती, हे खरे. पण आपल्याकडेही वारसा नाही असे नाही. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्याला सुरू झाला, कुमारप्पांनी तो चालवला, आणि १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडले. वर्ध्याला तहसीलच्या, दवाखान्याच्या कामाला आपण महिन्याकाठी जातोच. तासभर काढून ते बघून या. शेजारीच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, ग्रामीण हस्तकला आणि अभियांत्रिकीचा विभाग तिथे आहे. लेथ बनवण्याआधी त्यांना विचारलेले बरे.

कागदपत्रांचेही थोडे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, बीजा ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत आहेत. स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही, तरी तोडण्याआधी आणि नेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. वादळात पडलेल्या झाडाचीही नोंद करा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत सुतारही आहे आणि खेळणी बनवणाराही. पाच-सात दिवसांच्या प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. घरातल्या एकालाच मिळते. माझे मत विचाराल तर अवजारांचे पैसे घ्या, कर्जाला वर्षभर हात लावू नका. खेळणी विकायची असतील तर आणखी एक गोष्ट: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून कारागीर ओळखपत्र आधी काढा. खेळण्यांना बाजारातला कुठलाही ऑइलपेंट फासू नका. पोरे चाके तोंडात घालतात.

विकायला जागा आहेत. नागपूर–हैदराबाद महामार्गावरचा जामचा चौक आहे, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला येणारी गर्दी आहे, पोळ्याचा बाजार आहे. बचत गटाच्या बायकांनी घासणे, तेल लावणे आणि विक्री धरली आणि कातणे सुताराने, तर कुणा एकावर भार पडत नाही. पण पहिला वाडगा विकू नका. घरात वापरा. त्यात गरम वरण वाढा, चटणी ठेवा, पाण्यात विसरा, उन्हात वाळवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तो कसा वागतो ते बघा, कुठे चिरला, कुठे हळदीचा डाग धरला, तेलाचा वास किती दिवस राहिला. मग दुसऱ्याची किंमत ठरवा.